धर्मग्रामाची माता : एलिझाबेथ सेटन

ख्रिस्ती उपासनेच्या पंचांगात नाताळ हा एका दिवसाचा सण नाही. २५ डिसेंबरला सुरू होणारा हा उत्सवकाळ जानेवारीत, प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. अमेरिकेतील कॅथलिक धर्मग्रामांत, म्हणजे पॅरिशमध्ये, या उत्सवाच्या उत्तरार्धात तीन संतांचे स्मरण लागोपाठच्या तीन दिवशी केले जाते. ४ जानेवारीला मदर एलिझाबेथ अॅन सेटन, ५ जानेवारीला फिलाडेल्फियाचे बिशप जॉन न्यूमन आणि ६ जानेवारीला ब्रदर आंद्रे बेसेट. तिघांनीही नेमक्या याच तारखांना देह ठेवला. त्यांपैकी न्यूमन बोहेमियातून अमेरिकेत आलेले, तर बेसेट कॅनडाचे. एलिझाबेथ मात्र न्यूयॉर्कच्या. संयुक्त संस्थानांच्या भूमीवर जन्मलेली आणि संतपदाला पोहोचलेली ती पहिली व्यक्ती. नाताळच्या आनंदाशी त्यांचे नाव आज जोडले गेले असले, तरी प्रत्यक्ष आयुष्यात या सणाने त्यांच्या पदरात अनेकदा दुःखच टाकले. त्या दुःखातून त्यांनी जे उभे केले, त्यामुळेच त्यांची आठवण टिकून आहे.

एलिझाबेथ यांचा जन्म २८ ऑगस्ट १७७४ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. वडील डॉ. रिचर्ड बेली हे नामांकित शल्यचिकित्सक. पुढे न्यूयॉर्क बंदराच्या आरोग्य अधिकारीपदाची धुरा त्यांच्याकडे आली. एलिझाबेथ जेमतेम तीन वर्षांच्या असताना आईचे छत्र हरपले. सावत्र आईच्या घरात त्यांचे बालपण तसे एकाकीच गेले. वाचन, संगीत आणि फ्रेंच भाषा यांची गोडी मात्र तेथेच लागली. घराणे एपिस्कोपल पंथाचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट. शहरातील धनिक आणि सत्ताधारी वर्गाचा तोच पंथ होता.

१७९४ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी विल्यम मॅगी सेटन या तरुण व्यापाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. सेटन घराण्याचा जहाजांवरून परदेशांशी चालणारा व्यापार भरभराटीत होता. अॅना मारिया, विल्यम, रिचर्ड, कॅथरिन आणि रेबेका अशी पाच अपत्ये झाली. संसाराच्या या बहरातही एलिझाबेथ यांचे लक्ष शहरातील गरिबांकडे होते. लहान मुले पदरी असलेल्या निराधार विधवांना मदत करण्यासाठी १७९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक संस्था निघाली. तिचे खजिनदारपद त्यांनी सांभाळले. आणखी सहाच वर्षांनी आपणच त्या विधवांच्या रांगेत उभ्या असू, याची कल्पना त्या वेळी कुणाला येणार?

१७९८ मध्ये सासरे निवर्तले आणि धाकट्या दीर-नणंदांची जबाबदारी या तरुण जोडप्यावर येऊन पडली. युरोपातील युद्धांच्या धामधुमीत समुद्रावरचा व्यापार बेभरवशाचा झाला, पेढी कोसळली आणि सेटन कुटुंबाचे दिवाळे निघाले. १८०१ च्या उन्हाळ्यात बंदरात उतरलेल्या आजारी आयरिश स्थलांतरितांची शुश्रूषा करता करता डॉ. बेली यांना पीतज्वराने गाठले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. इकडे विल्यम यांचा क्षयरोगही बळावत चालला होता.

हवापालटाने पतीला बरे वाटेल या आशेने ऑक्टोबर १८०३ मध्ये एलिझाबेथ त्यांना घेऊन इटलीला निघाल्या. सोबत आठ वर्षांची थोरली मुलगी होती. बाकीची चार मुले त्यांनी नातेवाइकांच्या स्वाधीन केली होती. जहाज लिव्होर्नो बंदराला लागले. परंतु न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ असल्याने त्यांना गावात प्रवेश मिळाला नाही. किनाऱ्यावरच्या विलगीकरणगृहात, थंड आणि ओलसर दगडी खोलीत, क्षयाने खंगलेल्या माणसाला सुमारे महिनाभर ठेवण्यात आले. तेथील दिवसांची रोजनिशी एलिझाबेथ यांनी आपल्या लाडक्या नणंदेसाठी लिहून ठेवली आहे. १९ डिसेंबरला सुटका झाली, पिसा येथे मुक्काम पडला, नाताळ आला आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, २७ डिसेंबर १८०३ रोजी, विल्यम यांनी प्राण सोडला. परक्या देशात, हाती पैसा नसलेल्या एकोणतीस वर्षांच्या विधवेचा तो नाताळ होता.

त्या वेळी आधार दिला तो सेटन पेढीशी व्यापारी संबंध असलेल्या फिलिक्की बंधूंनी. फिलिप्पो आणि अंतोनियो हे दोघे श्रद्धाळू कॅथलिक. त्यांच्या घरातील उपासना, रोजची मिस्सा, मृत्यूकडे पाहण्याची त्यांची रीत यांचा एलिझाबेथ यांच्या मनावर खोल ठसा उमटला. ख्रिस्तप्रसादात प्रभू प्रत्यक्ष उपस्थित असतो, या कॅथलिक श्रद्धेने त्यांना सर्वाधिक ओढून घेतले. १८०४ मध्ये अंतोनियोंच्या सोबतीने त्या न्यूयॉर्कला परतल्या, त्या मनात हा प्रश्न घेऊनच.

हा प्रश्न केवळ श्रद्धेचा नव्हता. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये कॅथलिक असणे म्हणजे गरीब, परके आणि संशयित असणे. शहरातील सेंट पीटर्स हा त्यांचा एकमेव धर्मग्राम. तेथे येणारे बहुतेक लोक आयरिश मजूर, आश्रयाला आलेले फ्रेंच आणि कॅरिबियन बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय असत. एलिझाबेथ यांच्या माहेर-सासरच्या मंडळींना अशांच्या पंगतीला बसणे कल्पनेतही शक्य नव्हते. धर्मांतर केले तर नातलगांचा आश्रय जाणार आणि पाच मुलांच्या पोटाचा प्रश्न उभा राहणार, हे स्पष्ट होते. त्यांच्या जुन्या चर्चचे विद्वान धर्मोपदेशक जॉन हेन्री होबार्ट यांनी त्यांचे मन वळवण्याचा कसून प्रयत्न केला. जवळजवळ वर्षभर घालमेल चालली. अखेर १४ मार्च १८०५ रोजी सेंट पीटर्स चर्चमध्ये एलिझाबेथ यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि २५ मार्चला प्रथमच ख्रिस्तप्रसाद ग्रहण केला.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाले. एका शाळेत शिकवण्याचा प्रयत्न फसला. विद्यार्थ्यांसाठी चालवलेले वसतिगृहही तग धरू शकले नाही. १८०६ मध्ये धाकटी नणंद सिसिलिया हिनेही कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, तेव्हा नातेवाइकांचा रोष टोकाला गेला. त्याच वर्षीच्या नाताळात या वैराने उग्र रूप धारण केले. २४ डिसेंबरच्या रात्री कॅथलिकविरोधी जमाव सेंट पीटर्स चर्चसमोर जमला. दुसऱ्या दिवशी, ऐन नाताळात, दंगल उसळली आणि तीत पहाऱ्यावरील एका शिपायाचा बळी गेला. ज्या धर्मग्रामाला एलिझाबेथ यांनी आपले मानले होते, त्याची शहरातील पायरी कोणती, हे त्या दिवशी सर्वांनाच दिसले.

याच धर्मग्रामात पिएर तुसाँ नावाचे एक गृहस्थ दररोज मिस्सेला येत. हैतीत गुलाम म्हणून जन्मलेले तुसाँ न्यूयॉर्कमध्ये श्रीमंत स्त्रियांची केशरचना करून उपजीविका करीत. १८०७ मध्ये त्यांना गुलामगिरीतून मुक्तता मिळाली. पुढे एलिझाबेथ यांच्या भगिनींनी शहरात अनाथाश्रम काढला, तेव्हा त्यासाठी वर्षानुवर्षे निधी गोळा करणाऱ्यांत हे तुसाँ अग्रभागी होते. उपेक्षितांच्या या धर्मग्रामात अशी माणसे होती.

१८०८ मध्ये फादर विल्यम द्युबूर यांच्या निमंत्रणावरून एलिझाबेथ बाल्टिमोरला गेल्या. मेरीलँड प्रांतात कॅथलिकांची संख्या मोठी होती आणि तेथे त्यांना मोकळा श्वास घेता आला. पाका स्ट्रीटवर त्यांनी मुलींची छोटी शाळा सुरू केली. काही तरुणी सेवाभावाने येऊन मिळाल्या. २५ मार्च १८०९ रोजी आर्चबिशप जॉन कॅरोल यांच्यासमोर एलिझाबेथ यांनी व्रते घेतली आणि त्या मदर सेटन झाल्या. अंगावर काळा साधा पोशाख आणि डोक्यावर काळी टोपी. इटलीतील विधवांच्या शोकवस्त्रांवरून घेतलेला हा वेश पुढे त्यांच्या भगिनींची ओळख ठरला.

सॅम्युएल कूपर या नव्याने कॅथलिक झालेल्या गृहस्थाने गरीब मुलींच्या शिक्षणासाठी पैसा दिला. त्यातून एमिट्सबर्ग या डोंगरपायथ्याच्या खेड्याजवळ सुमारे २६९ एकर जमीन घेण्यात आली. १८०९ च्या उन्हाळ्यात मदर सेटन तेथे पोहोचल्या आणि ३१ जुलैला सेंट जोसेफच्या धर्मभगिनींच्या संघाची, सिस्टर्स ऑफ चॅरिटीची, स्थापना झाली. संयुक्त संस्थानांत, तेथील स्त्रियांसाठी स्थापन झालेला हा पहिला सेवाव्रती भगिनीसंघ.

सुरुवातीचे दिवस अतिशय कष्टाचे होते. चार खोल्यांच्या दगडी घरात सोळा जणी दाटीवाटीने राहत. हिवाळ्यात छपरातून बर्फ आत येई. कॉफीऐवजी गाजराचा काढा पिऊन दिवस निघत. १८०९ च्या नाताळच्या काही दिवस आधी नणंद हॅरिएट हिचे त्या घरातच निधन झाले. धुरावर वाळवलेले मासे आणि प्रत्येकीला चमचाभर काकवी, एवढे जेवण त्या नाताळला मिळाले, यातच या स्त्रियांनी धन्यता मानली, अशी नोंद त्यांच्या जुन्या चरित्रात आहे. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २२ फेब्रुवारी १८१० रोजी, त्यांनी धर्मग्रामातील मुलींसाठी विनाशुल्क शाळा उघडली. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी होत्या तीन.

या शाळेमागची योजना साधी पण दूरदृष्टीची होती. सधन घरांतील मुली वसतिगृहात राहून शुल्क देत आणि त्या उत्पन्नावर गरिबांच्या मुली फुकट शिकत. संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या भगिनींची नियमावली मदर सेटन यांनी १८१२ मध्ये स्वीकारली. परंतु शुल्क देणाऱ्या विद्यार्थिनी घेता याव्यात आणि स्वतःच्या मुलांचे पालकत्वही सोडावे लागू नये, म्हणून तीत आवश्यक ते फेरफार करवून घेतले. मातृत्व आणि व्रतस्थ जीवन यांपैकी एकाची निवड करा, असे त्यांना सांगता येण्याजोगे नव्हते. वरिष्ठ धर्मगुरूंशी मतभेद झाले, तेव्हाही त्या या मुद्द्यावरून ढळल्या नाहीत.

मृत्यूने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. १८१० मध्ये सिसिलिया गेली. १८१२ मध्ये थोरली मुलगी अॅना मारिया क्षयाने गेली आणि या आघाताने मदर सेटन काही काळ पार खचून गेल्या. बर्फावर पडून अधू झालेली धाकटी रेबेका दीर्घ यातना भोगून १८१६ मध्ये, चौदाव्या वर्षी, आईच्या सहवासात निवर्तली. मुलांचे बस्तान बसत नव्हते, ती काळजी वेगळीच. तरीही काम वाढतच गेले. १८१४ मध्ये फिलाडेल्फियात आणि १८१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भगिनींनी अनाथाश्रमांची जबाबदारी घेतली. ज्या शहराने त्यांना बारा वर्षांपूर्वी दूर लोटले होते, त्याच शहरातील पोरक्या मुलांसाठी त्यांच्या भगिनी गेल्या.

४ जानेवारी १८२१ रोजी, नाताळचा काळ अद्याप संपला नसताना, मदर सेटन यांनी एमिट्सबर्ग येथे देह ठेवला. क्षयाने पती आणि मुलगी नेली, त्यानेच त्यांचाही बळी घेतला. वय अवघे सेहेचाळीस. मागे राहिलेली कॅथरिन पुढे सिस्टर्स ऑफ मर्सी या संघात गेली आणि तिने अनेक वर्षे तुरुंगातील कैद्यांची सेवा केली.

अमेरिकेतील धर्मग्रामांच्या शाळांचे जनकत्व अनेकदा सरसकट मदर सेटन यांना दिले जाते. ते काटेकोरपणे खरे नाही. न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स चर्चने १८०० मध्येच शाळा काढली होती, आणि शाळांची बिशपप्रांतव्यापी व्यवस्था लावण्याचे श्रेय पुढच्या पिढीतील बिशप न्यूमन यांच्याकडे जाते. परंतु शाळा चालवायला शिक्षक लागतात. जवळजवळ विनावेतन, आयुष्यभर आणि निष्ठेने शिकवणाऱ्या स्त्रियांची फळी उभी करण्याचा मार्ग अमेरिकेत प्रथम दाखवला तो मदर सेटन यांनी. ती फळी नसती तर स्थलांतरितांच्या गरीब धर्मग्रामांना शाळा परवडल्याच नसत्या.

१४ सप्टेंबर १९७५ रोजी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, पोप पॉल सहावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यानंतर अर्धे शतक लोटले आहे आणि चित्र पालटले आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील कॅथलिक शाळांत पन्नास लाखांहून अधिक मुले शिकत होती. आज ती संख्या वीस लाखांहूनही कमी आहे. मदर सेटन यांच्या परंपरेतील न्यूयॉर्कच्या भगिनीसंघाने यापुढे नव्या सदस्य न घेण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. संस्थांनाही आयुष्य असते आणि ते कधीतरी सरते, हे या भगिनींनी शांतपणे मान्य केले आहे.

एमिट्सबर्गच्या बॅसिलिकेत मदर सेटन यांचे अवशेष जतन केलेले आहेत. दर वर्षी ४ जानेवारीला तेथे आणि देशभरातील धर्मग्रामांत त्यांच्या नावाने मिस्सा होते. ज्या श्रद्धेपायी एका स्त्रीला आप्तांनी परके केले, तीच श्रद्धा मानणारी मंडळी या दिवशी तिला आपली पहिली माता म्हणून आठवतात. त्या वेळी चर्चमध्ये नाताळची गव्हाणी अजून मांडलेलीच असते.