न्यायमूर्ती विल्यम गॅस्टन : श्रद्धा आणि न्याय

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या १७७६ च्या संविधानात बत्तिसावे कलम होते. प्रोटेस्टंट धर्माचे सत्य नाकारणाऱ्या व्यक्तीला त्या कलमान्वये राज्यात अधिकारपद भूषविता येत नसे. अशा राज्यात विल्यम गॅस्टन हे श्रद्धावंत कॅथॉलिक सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

त्यांचा जन्म १९ सप्टेंबर १७७८ रोजी न्यू बर्न येथे झाला. वडील डॉ. अलेक्झांडर गॅस्टन १७८१ साली स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या पक्षपात्यांकडून मारले गेले. कॅथॉलिक माता मार्गारेट हिने पुत्राला श्रद्धेचे बाळकडू पाजले. बिशप जॉन कॅरल यांनी स्थापन केलेल्या जॉर्जटाउन महाविद्यालयाचे ते १७९१ मध्ये पहिले विद्यार्थी ठरले. पुढे प्रिन्स्टन येथून १७९६ साली ते पदवीधर झाले आणि १७९८ मध्ये वकिली करू लागले.

१८०० साली ते राज्याच्या सिनेटवर निवडून आले. १८१३ ते १८१७ या काळात ते अमेरिकन काँग्रेसचे सदस्य होते. जॉर्जटाउनला १८१५ साली पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, त्यामागे त्यांचेच प्रयत्न होते.

१८३३ मध्ये विधिमंडळाने त्यांची सर्वोच्च न्यायालयावर निवड केली. आपण प्रोटेस्टंट धर्माचे सत्य नाकारीत नाही, केवळ त्यातील सर्व मते मान्य करीत नाही, असा कलमाचा अर्थ लावून त्यांनी पद स्वीकारले. १८३५ च्या संविधान परिषदेत मात्र त्यांनी कोणाच्याही धर्ममतावरून अधिकारपद नाकारू नये, अशी मागणी केली. परिषदेने ‘प्रोटेस्टंट’ ऐवजी ‘ख्रिस्ती’ एवढाच बदल केला. कॅथॉलिकांना द्वार उघडले, पण यहुदी बांधवांना १८६८ पर्यंत थांबावे लागले.

१८३४ साली विल नावाच्या गुलामाचा खटला त्यांच्यापुढे आला. पळणाऱ्या विलवर मुकादमाने गोळी झाडली होती. नंतरच्या झटापटीत विलच्या हातून मुकादम मरण पावला. गुलामालाही जिवाची भीती आणि मानवी भावना असतात, हे ओळखून गॅस्टन यांनी तो खून नव्हे, तर सदोष मनुष्यवध ठरविला व त्याचा फास टळला. १८३८ मध्ये, राज्यात जन्मलेले स्वतंत्र कृष्णवर्णीय हे राज्याचे नागरिक होत, असा निर्वाळा त्यांनी दिला. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात न्यायमूर्ती कर्टिस यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात त्याचा आधार घेतला.

तथापि एक कटू सत्य उरतेच. १८३२ साली विद्यापीठातील व्याख्यानात तरुणांना गुलामगिरी संपविण्याचे आवाहन करणारे गॅस्टन स्वतः अनेक गुलामांचे मालक होते आणि अखेरपर्यंत राहिले. न्यायासनावरून त्यांनी गुलामाचे माणूसपण मान्य केले, पण घरच्या गुलामांच्या बेड्या तोडल्या नाहीत.

२३ जानेवारी १८४४ रोजी रॅली येथे त्यांचे निधन झाले. गॅस्टन परगणा आणि गॅस्टोनिया शहर आजही त्यांचे नाव मिरवितात. आपल्यावरील अन्याय ओळखणे सोपे असते. आपल्या हातून होणारा अन्याय ओळखणे आणि थांबविणे किती कठीण, याचीही साक्ष त्यांचे जीवन देते.