कुणाच्या नावाची बोगनवेल?

उमरग्यात कुठल्याही गल्लीतून चक्कर मारा, एखाद्या तरी घराच्या कंपाउंडवर बोगनवेल दिसेलच. पाणी कमी, ऊन कडाक्याचं, तरी ही बया आपली राणी रंगात बहरलेली! हे नाव मात्र आपल्या मातीतलं नाही. ते आलंय बोगनव्हिल नावाच्या एका फ्रेंच कप्तानावरून. त्याच्या ताफ्यात एक बाई होती, झान बारे. जगाला समुद्रमार्गे वळसा घालणारी पहिली ज्ञात स्त्री. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर, पण तिची गोष्ट काही तितकी परकी वाटत नाही.

झानचा जन्म १७४० सालचा, फ्रान्समधल्या बर्गंडी भागातल्या ला कोमेल या खेड्यातला. बाप रोजंदारीवर शेतात राबणारा. मोठी झाल्यावर ती कॉमर्सन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाकडे घरकामाला लागली. त्याची बायको बाळंतपणानंतर १७६२ साली वारली होती. पुढे दोघांचं नातं मालक-मोलकरणीपुरतं उरलं नाही. १७६४ मध्ये झानला मुलगा झाला. लग्नाविना झालेलं ते लेकरू अनाथालयात ठेवावं लागलं आणि काही महिन्यांतच गेलं. त्या आईचं काय झालं असेल, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

मग कॉमर्सनला बोगनव्हिलच्या जगप्रवासाचं बोलावणं आलं. त्याची तब्येत नाजूक, मदतनीस हवाच. पण फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईमाणसाला सक्त मनाई. झानने छातीला कापडी पट्ट्या घट्ट आवळल्या, अंगावर पुरुषी कपडे चढवले आणि नोकर म्हणून ‘एत्वाल’ जहाजावर पाऊल ठेवलं. फेब्रुवारी १७६७ मध्ये जहाज निघालं. जहाजावर शंभरावर पुरुष आणि ही एकटी!

कॉमर्सनचं सामान इतकं, की कप्तानाने आपली खोलीच त्याला दिली. त्यामुळे झानला थोडा आडोसा मिळाला. तरी कुजबुज सुरू झालीच. याला दाढी-मिशी कशी नाही? हा चारचौघांत कपडे का बदलत नाही? शेवटी आपण खोजा आहोत, असं सांगून तिने वेळ मारून नेली.

कामात मात्र ती कुणाला हार जाईना. पॅटागोनियाच्या थंडीत डोंगर चढायचे, खांद्यावर शिधा, बंदूक आणि झाडपाल्याचे जाडजूड गठ्ठे वाहायचे. रिओ शहराजवळ बोगनवेल सापडली, तेव्हा कॉमर्सनचा पाय चिघळलेला होता. म्हणून ती वेल तोडून आणणारे हात झानचेच असावेत, असं काही अभ्यासक मानतात. नाव मात्र दिलं गेलं कप्तानाचं.

एप्रिल १७६८ मध्ये जहाजं ताहिती बेटाला लागली. झान किनाऱ्यावर उतरली मात्र, तिथल्या लोकांनी तिला गराडा घातला. बरोबरच्या खलाशांना सव्वा वर्षात जे खात्रीने कळलं नव्हतं, ते त्यांनी एका नजरेत ओळखलं! बोगनव्हिलपुढे तिने रडत कबुली दिली. मालकाला काही ठाऊक नव्हतं, मीच फसवलं, असं म्हणून सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला. त्याने तिला शिक्षा केली नाही. पण पुढचा प्रवास सोपा नव्हता. जहाजावरच्या डॉक्टरने लिहून ठेवलंय, की नंतरच्या एका बेटावर नोकरांनी तिला धरून जबरदस्तीने ‘खात्री’ करून घेतली. बेटामागून बेटं मागे पडत होती, अन्न संपत आलं होतं, लोक उंदीर खाऊन दिवस काढत होते. तशातही ती उभी राहिली.

१७६८ च्या अखेरीस जहाजं मॉरिशसला पोचली. कॉमर्सन आणि झान तिथेच उतरले. १७७३ मध्ये कॉमर्सन वारला आणि ती परक्या बेटावर एकटी पडली. मग तिने पोर्ट लुईमध्ये दारूचा गुत्ता चालवला, रविवारी दारू विकली म्हणून दंडही भरला. १७७४ मध्ये एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि १७७५ च्या सुमारास मायदेशी परतली. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली, पण स्वागताला ना ढोल, ना ताशे.

तरी १७८५ साली फ्रेंच नौदल खात्याने तिच्या धैर्याची आणि कष्टांची दखल घेत वर्षाला २०० लिव्हर पेन्शन दिली. ज्या आरमाराच्या जहाजावर तिला पाय ठेवायची बंदी होती, त्याच खात्याने! १८०७ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी ती गेली.

कॉमर्सनने एका झाडाला तिचं नाव दिलं होतं, पण ते टिकलं नाही. अखेर २०१२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एका रानवेलीला शास्त्रज्ञांनी तिचं नाव दिलं, सोलॅनम बारेटिए. आपल्या वांग्या-बटाट्याच्याच कुळातली ही वेल.

राबायचं एकीने आणि नाव लागायचं दुसऱ्याचं, हे आपल्या घरा-शेतातही काही नवं नाही. तेव्हा मैत्रिणींनो, दारातल्या बोगनवेलीला पाणी घालताना झानची एकदा आठवण काढा. आणि लेकीने विचारलं, तर ही गोष्ट तिच्या नावानिशी सांगा.