इस्त्री आणि शंकर आबाजी भिसे

यवतमाळच्या उन्हाळ्यात कूलर बिघडतो आणि हिवाळ्यात गिझर, पण होस्टेलची इस्त्री बारा महिने बिघडते. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरची इस्त्री उलटीच बिघडली, ती बंदच होईना! दोन शर्ट जळाल्यावर प्लग काढला, थंड होऊ दिली आणि उघडली. थर्मोस्टॅटमधली दोन धातूंची पट्टी तापून बरोबर वाकत होती, पण ठिणग्या पडून पडून पुढचे पॉइंटच एकमेकांना चिकटले होते. दोष एकीकडे अन् आम्ही शिव्या देत होतो भलतीकडे.

हे लिहायचं कारण म्हणजे शंकर आबाजी भिसे. जन्म २९ एप्रिल १८६७, मुंबई. चौदाव्या वर्षी या पोराने घरीच दगडी कोळशापासून गॅस काढायचं यंत्र केलं. पुढे मराठीतून 'विविध कला प्रकाश' हे विज्ञानाचं मासिक काढलं. किराणा माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याला लंडनच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. मग काय, दिनशा वाच्छांचं पत्र खिशात घालून गडी दादाभाई नौरोजींकडे लंडनला! तिथे विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी, स्वयंपाकघरातली उपकरणं, आपोआप फ्लश होणारा संडास, असं कायकाय केलं. पैसे दादाभाई पुरवत.

पण खरी झुंज टाइपाच्या यंत्राची. तेव्हा छापखान्यातलं एकेक अक्षर शिसं, कथील, अँटिमनीचा रस ओतून बनायचं. रस थंड असला तर अक्षर अर्धवट, आणि साचा निवल्याशिवाय पुढचं अक्षर ओतता येत नाही. म्हणजे सगळा खेळ तापमानाचा. त्या काळची यंत्रं मिनिटाला दीडशेच्या आसपास अक्षरं ओतत. भिसे बाराशेच्या गोष्टी करू लागले. कॅस्लन कंपनीच्या इंजिनिअरांना ते खरं वाटेना, त्यांनी करून दाखवायचं आव्हान दिलं. १९०८ पर्यंत भिशांनी ते करून दाखवलं.

यंत्र चाललं, भांडवल अडलं. हिंडमन नावाच्या पुढाऱ्याने पैसा उभा करायचं कबूल केलं होतं, ते जमलं नाही. १९०८ च्या अखेरीस भिसे परत निघाले. बोटीवर गोखले भेटले, त्यांनी जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटांकडे शब्द टाकला आणि १९१० मध्ये टाटांच्या पैशावर सिंडिकेट उभं राहिलं. १९१५ मध्ये तेही मिटलं. पन्नाशीला टेकलेला माणूस मग अमेरिकेला गेला, पुन्हा पहिल्यापासून!

त्यांना भारताचा एडिसन म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. एडिसनकडे स्वतःची प्रयोगशाळा होती, मागे भांडवलदार होते. भिशांना दर वेळी नवा दाता शोधावा लागला. आपल्या भाषेत, मशीन ओके होतं, सप्लाय तुटत होता.

अमेरिकेत त्यांना थोडंफार यश मिळालं ते यंत्रात नव्हे, आयोडीनच्या एका औषधात. डिसेंबर १९३० मध्ये ते एडिसनना भेटले. एडिसन तेव्हा ८३ वर्षांचे होते, दहा महिन्यांनी ते गेले. भिसे ७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्येच वारले.