पंचांगाचे घड्याळ आकाशाशी जुळवणारे केरूनाना छत्रे कोण होते?

बेंबळीत सूर्य मुंबईपेक्षा सुमारे १३ मिनिटे आधी डोक्यावर येतो. तरी दोन्हीकडच्या मोबाइलवर वेळ एकच दिसते. कारण दोन्हीकडे प्रमाणवेळ एकच आहे, आणि नेटवर्कमधले राउटर आपले घड्याळ वेळेच्या सर्व्हरशी सतत ताडून पाहतात. विचारणा कधी निघाली, कधी पोहोचली, उत्तर कधी निघाले, कधी मिळाले, या ४ नोंदींवरून आपले घड्याळ किती पुढे-मागे आहे ते काढतात आणि दुरुस्त करतात.

एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे यांनी हेच पंचांगाच्या बाबतीत केले.

जन्म १८२५, अलिबागजवळचे नागाव. मुंबईत शिक्षण झाल्यावर किशोरवयातच ते कुलाबा वेधशाळेत लागले. १८२६ मध्ये उभारलेल्या या वेधशाळेकडे जहाजांना अचूक वेळ देण्याचेही काम होते. घड्याळ ४ सेकंद चुकले, तर जहाजाचा ठावठिकाणा सुमारे १.८५ किलोमीटरपर्यंत चुकू शकतो. केरूनाना तिथे चुंबकत्व आणि हवामानाच्या नोंदी घेत. ठरल्या वेळी नोंद, रोज. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात त्यांचेच विद्यार्थी.

तेव्हाची पंचांगे गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या ‘ग्रहलाघव’वरून होत. (हे गणेश दैवज्ञही आजच्या रायगडमधल्या नांदगावचे.) ग्रंथ उत्तमच, पण ३०० वर्षांत बारीक चुका साचल्या. गणिताने काढलेली ग्रहांची जागा आणि आकाशात दिसणारी जागा यांत फरक पडू लागला. केरूनानांनी युरोपीय गणिताच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नवे, ‘पटवर्धनी’ पंचांग सुरू झाले.

अडचण पुढेच होती. राशिचक्राचा आरंभबिंदूही त्यांनी रेवती नक्षत्रातल्या ताऱ्यापासून धरला. प्रचलित पंचांगांपेक्षा तो सुमारे ४ अंशांनी वेगळा. त्यामुळे काही वर्षी अधिक मास वेगळा येई आणि सण महिनाभर पुढे-मागे होत. ग्रहगणित अचूक असले तरी शेजारच्या घराआधी महिनाभर दिवाळी कोण करणार? बहुतेकांनी जुनेच पंचांग ठेवले.

राउटरलाही हा पेच पडतो. दोनच सर्व्हर दिले आणि त्यांच्या वेळा वेगळ्या निघाल्या, तर खरा कोणता हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून नेटवर्क अभियंते सहसा ४ सर्व्हर देतात. एखादा भरकटला तरी उरलेल्यांवरून तो ओळखता येतो.

केरूनाना १८८४ मध्ये वारले. रेवती पक्ष पुढे टिळकांनी उचलून धरला. त्यातून आलेले टिळक पंचांग आजही काही घरांत वापरले जाते आणि काही वर्षी त्या घरांतली दिवाळी इतरांपेक्षा महिनाभर वेगळी असते.