अण्णांचे बोर्डिंग, मुलांचा कारभार

आपल्या मंडळातल्या कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी एनयूएसच्या हॉलमध्ये राहात असतेच. रॅफल्स हॉल, शिअर्स, टेमासेक, केंट रिज ही नावे आता आपल्या घरांत पुण्याच्या पेठांसारखी सवयीची झाली आहेत. प्रत्येक हॉलमध्ये विद्यार्थ्यांनी निवडून दिलेली एक समिती असते, तिला मुले 'जेसीआरसी' म्हणतात. खेळ, नाटक, नव्या मुलांचे स्वागत, पैशांचा हिशेब, सगळे तीच बघते. यावर आई-वडिलांची ठरलेली प्रतिक्रिया म्हणजे, अहो, मग अभ्यास कधी करतात? आणि दुसरी, हे सगळे साहेबाकडून आलेले, आपल्याकडे हॉस्टेल म्हणजे रेक्टर आणि कुलूप!

दुसरी प्रतिक्रिया ऐकली की मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. त्यांचे नाव आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. रयत शिक्षण संस्था, 'कमवा आणि शिका', परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न, आणि विषय संपला. पण हा माणूस मुळात वसतिगृहाचा माणूस होता. शाळा-कॉलेजे नंतर आली.

जन्म २२ सप्टेंबर १८८७, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराणे जैन, शेतकरी पाटलांचे, वडील सरकारी नोकरीत. शिकायला कोल्हापुरात आले तेव्हा शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने तिथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघत होती. मराठ्यांचे वेगळे, जैनांचे वेगळे, लिंगायतांचे वेगळे, मुसलमानांचे वेगळे. ज्या पोरांना गावाबाहेर कुणी विचारत नव्हते त्यांना शहरात डोके टेकायला जागा मिळाली, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. भाऊराव अर्थातच जैन बोर्डिंगमध्ये. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले आणि त्या समारंभाला भाऊराव जाऊन बसले. परत आल्यावर, आंघोळ केल्याशिवाय पंगतीला यायचे नाही, असे त्यांना बजावण्यात आले. भाऊरावांनी आंघोळ केली नाही. बोर्डिंगमधून नाव कमी झाले. त्या वेळचे व्यवस्थापक होते अण्णासाहेब लठ्ठे. पुढे काही काळ भाऊराव शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले, पण मॅट्रिकची पायरी त्यांनी कधीच ओलांडली नाही.

आता गंमत बघा. १९१४ मध्ये कोल्हापुरात सातव्या एडवर्ड बादशहाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासले. (आपल्या एनयूएसमधला सर्वांत जुना हॉल याच बादशहाच्या नावाचा आहे, जाता जाता सांगितले.) संशय लठ्ठ्यांवर घेतला गेला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले त्याचा हिशेब चुकता करायची आयती संधी! भाऊरावांनी नकार दिला. त्यासाठी तुरुंग सोसला, छळ इतका झाला की जीव द्यायचा प्रयत्न केला. साक्ष दिली नाही ती नाहीच. पुढे आपल्या सर्वांत लाडक्या वसतिगृहाला त्यांनी नाव दिले तेही शाहू महाराजांचेच, ज्यांच्या राज्यात हा छळ झाला होता.

मधल्या काळात पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकले. आजच्या भाषेत फिल्ड सेल्स. या फिरतीत खेडी पालथी घातली गेली आणि हुशार पण शाळेपासून लांब राहिलेली पोरे डोळ्यांना दिसली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली आणि तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकच वसतिगृह निघाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

या बोर्डिंगात आचारी नव्हता. दळण, पाणी, सरपण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, सगळे पाळीपाळीने मुलांनीच करायचे. धान्य किती आले, किती शिजले, आजारी कोण, काम कुणी चुकवले, हेही मुलांनीच बघायचे. पैसे वाचत होते हे खरेच, पण मला वाटते खरा मुद्दा तो नव्हता. भाऊरावांना ज्या पंगतीतून उठवले गेले होते तिथला नियम वरून आलेला होता आणि मुलांनी तो फक्त पाळायचा होता. इथे आज मराठ्याच्या मुलाने लाटलेली भाकरी महाराचा मुलगा खाणार, उद्या महाराच्या मुलाची मराठ्याचा. जातिभेद वाईट असे भाषण ठोकायची गरजच उरत नाही. पाळीचा तक्ता ते काम करतो.

यात एक विसंगती आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. हे स्वराज्य मुलांना देणारे अण्णा स्वतः काही मवाळ लोकशाहीवादी नव्हते. धिप्पाड देह, भरघोस दाढी, अंगात खादी, हातात काठी. ते आवारात आले की पोरे चळाचळा कापत. शिस्तीत सूट नाही. तरीही हा माणूस कोठीच्या किल्ल्या पोरांच्या हातात देत होता. धाक आणि विश्वास एकाच माणसात इतके गच्च बसलेले क्वचित दिसतात. आपण आधुनिक पालक धाक सोडून मोकळे झालो, पण किल्ल्या अजून आपल्याच खिशात आहेत, असे कधी कधी वाटते.

किल्ल्या दिल्या तरी कोठी भरायची कुणी? तिथे लक्ष्मीबाईंचे, म्हणजे मुलांच्या वहिनींचे, नाव घ्यायलाच हवे. त्यांनी एकेक करून सगळे दागिने दिले आणि एकदा बोर्डिंगात दाणा उरला नाही तेव्हा मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. पुढे गावोगावच्या बायका जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढून बोर्डिंगसाठी ठेवू लागल्या, तो मुष्टिफंड.

बाकीचा इतिहास भराभर सांगतो. १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग, १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. कॉलेजातसुद्धा मुलांनी शेतात राबून शिकायचे. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढायचा संकल्प सोडला. त्याच सुमारास सरकारवर केलेली टीका झोंबली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. गाडगे महाराज मदतीला धावले, लोकांनी पैसे आणि धान्य दिले आणि काही काळाने अनुदान पुन्हा चालू झाले. बोर्डिंगातली चूल विझली नाही, कारण ती पेटवणारे हात कधी पगारी नव्हतेच.

त्या हातांपैकी एक पी. जी. पाटलांचे. बोर्डिंगात वाढलेला हा गरीब घरचा मुलगा इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला. तिथेच राहायचा मोह कुणालाही झाला असता, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको! ते परत आले, रयतमध्येच काम केले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९५९ मध्ये अण्णांना पद्मभूषण मिळाले आणि मॅट्रिक न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते पुण्यात वारले. रयतच्या शाखा आज सातशेच्या वर आहेत.