मलिक अंबरची जमाबंदी

खडकीहून, म्हणजे पुढच्या औरंगाबादेहून, पैठणला जाताना वाटेत बिडकीन लागते. आज या शिवारात औद्योगिक नगरी उभी राहत आहे. प्रत्येक तुकडीच्या कामाचे आकडे एकाच उद्दिष्टाखाली गोळा करण्याची पद्धत अशा कारखान्यांबरोबर येते आणि ती आधुनिक समजली जाते. तथापि, खालचा आकडा वरच्या बेरजेत विश्वासाने नेण्याचा प्रश्न गोदाकाठच्या मुलखात चारशे वर्षांपूर्वीच एका माणसाने हाती घेतला होता.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या बाजारातून मीर कासिमच्या घरी आल्यावर त्याला शिक्षण मिळाले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेव्हा बुडत्या राज्याची धुरा या हबशी सरदाराने उचलली. त्याने दुसऱ्या मुर्तझास गादीवर बसविले, १६१० मध्ये खडकी वसविली आणि तेथे नहरीचे पाणी आणले. जहांगीरच्या फौजांना त्याने जन्मभर झुंजत ठेवले.

परंतु गनिमी काव्याचे घोडदळही पगारावाचून पळत नाही. पैसा येणार रयतेकडून, आणि रयत व सरकार यांच्यामध्ये उभा होता वसुलीचा मक्तेदार. ठरलेली रक्कम भरली की त्याचे काम संपे. शेतात काय पिकले याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. वर पोहोचणारा आकडा पुरा असे आणि गाव मात्र ओस पडत असे. मलिक अंबरने ही मक्त्याची पद्धत मोडली. जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरविली, काही हंगामांचे प्रत्यक्ष उत्पन्न ध्यानात घेतले आणि त्यावर सारा बसविला. आरंभी तो धान्यात, सुमारे दोन पंचमांश होता. पुढे तो रोख करण्यात आला आणि उत्पन्नाच्या किमतीच्या एक तृतीयांशावर आला, असे इतिहासकार सांगतात.

या व्यवस्थेची खरी ताकद तिच्या बांधणीत होती. गावचा हिशेब कुलकर्ण्याने ठेवायचा, परगण्याचा देशपांड्याने. पाटील आणि देशमुख वसुलीला जबाबदार. सारा गावाने मिळून भरावयाचा. पीक वाढले तर रयतेचा लाभ, पाटलाची पत आणि सरकारचा खजिना ही तिन्ही एकदम वाढत. एका पातळीचा फायदा दुसरीच्या नुकसानीत नसला, तर आकडा फुगविण्याचा मोहही कमी होतो. ही गोष्ट मोगलांकडे तोडरमल्लाने जाणली होती. मलिक अंबरने तिला दख्खनच्या वतनदारीची जोड दिली. अर्थात वतनदारांनी हिशेबात कधीच खोट केली नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

१६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. १६२६ मध्ये तो मरण पावला. खुलदाबादेत त्याची कबर आहे. मुलगा फत्तेखान याच्या हातून १६३३ मध्ये दौलताबाद गेले, आणि १६३६ मध्ये निजामशाहीच संपली. लढाया आणि १६३० चा दुष्काळ यांनी हा मुलूख इतका उजाड केला की, औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत मुर्शिद कुलीखानाला पुन्हा शेतापासून मोजणी सुरू करावी लागली. मराठी मुलखात मात्र जुन्या साऱ्याला मलिकंबरी हेच नाव पुढेही चालू राहिले.