रयतेचे न्यायमूर्ती

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी दख्खनच्या खेड्यातील शेतकऱ्याचा सरकारशी संबंध मुख्यतः दोन ठिकाणी येई. पहिले ठिकाण गावची चावडी. तेथे साऱ्याचा हप्ता ठरलेल्या मुदतीत रोख रुपयांनी भरावा लागे. दुसरे ठिकाण न्यायालय. घरात पैसा नसला की सारा भरण्यासाठी शेतकरी सावकाराच्या दारी जाई, आणि सावकाराचे देणे थकले की तोच सावकार त्याला न्यायालयात खेची. कर्जरोख्यावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. तो सहीच्या जागी नांगराची निशाणी करी आणि घरी परते. न्यायालयात मात्र कागदाचाच शब्द चाले. पुष्कळ शेतकरी तारखेला हजरच राहत नसत. मग एकतर्फी हुकूमनामा होई आणि वाडवडिलांची जमीन हातची जाई. यात कायद्याचा भंग कोठेच झालेला नसे, आणि तरीही न्याय झालेला नसे.

कायदा आणि न्याय यांच्यामधील ही दरी ज्यांनी आयुष्यभर मनात वागविली, ते न्यायाधीश म्हणजे महादेव गोविंद रानडे.

महादेवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव हे मामलेदार कचेरीत होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले. त्यामुळे महादेवाचे बालपण कोल्हापुरात गेले. त्याच्या लहानपणची एक गोष्ट अजूनही सांगतात. एकदा घरात खेळायला कोणी सोबती नव्हता. तेव्हा महादेवाने घरातील खांबालाच गडी केले आणि सोंगट्यांचा पट मांडला. खांबाचे फासे तो उजव्या हाताने टाकी आणि स्वतःचे डाव्या हाताने. डाव संपला तेव्हा खांब जिंकला होता आणि महादेव हरला होता. पाहणारे हसले, पण त्या मुलाला त्यात काही वावगे वाटले नाही. जो स्वतः बोलू शकत नाही त्याचा डाव आपणच प्रामाणिकपणे खेळला पाहिजे, एवढे त्याला त्या वयातही कळत होते.

चौदाव्या वर्षी ते शिक्षणासाठी मुंबईस गेले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. तीत जे थोडे विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत रानडे होते. १८६२ साली ते बी. ए. झाले, पुढे एम. ए. आणि एल्एल. बी. या पदव्याही त्यांनी मिळविल्या. अखंड वाचनाने त्यांच्या डोळ्यांना कायमचा त्रास जडला. परंतु वाचन सुटले नाही. काही काळ त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापनही केले. १८७१ साली त्यांची पुण्यास प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली.

पुण्यात त्याच्या आदल्याच वर्षी गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. जोशी यांना लोक प्रेमाने सार्वजनिक काका म्हणत. लोकांची गाऱ्हाणी सरकारच्या कानी घालावी, हा सभेचा हेतू होता. सरकारी नोकर असल्यामुळे रानड्यांना सभेत पुढे होऊन वावरता येत नसे. तथापि सभेच्या कामामागे त्यांचीच बुद्धी होती. अर्ज नुसत्या तक्रारीचा नसावा, त्यात गावोगावची माहिती, आकडे आणि कारणे असावीत, असा त्यांचा आग्रह असे. सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी आरंभिली. तीतून दिसून आले की दोष एकट्या सावकाराचा नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले होते. युद्ध संपताच ते उतरले. परंतु तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची जी नवी आकारणी झाली, तीत अनेक ठिकाणी सारा बराच वाढला. उत्पन्न घटले, देणे वाढले, आणि शेतकरी कर्जात बुडाला.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांचा संताप उफाळून आला. शेतकऱ्यांच्या जमावाने सावकारांच्या घरांवर हल्ले करून कर्जरोखे व वह्या जाळल्या. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी पोहोचले. मनुष्यहानी करण्यापेक्षा कागद नष्ट करणे हाच या दंग्यांचा रोख होता. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. इतक्यात १८७६ साली पावसाने दगा दिला आणि भीषण दुष्काळ पडला. सार्वजनिक सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून खेड्यांची हालहवाल मिळविली आणि ती सरकारला कळविली. दुष्काळी कामांवरील मजुरांना मिळणारी तुटपुंजी मजुरी पोटाला पुरत नाही, हेही सभेने निर्भीडपणे दाखवून दिले.

अशा कामाची किंमत रानड्यांना द्यावी लागली. १८७८ साली त्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी सरकारविरुद्ध बंड उभारले आणि त्याच सुमारास पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. सरकारची संशयी दृष्टी पुण्याच्या पुढाऱ्यांकडे वळली. रानड्यांना तातडीने धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांची खाजगी पत्रे फोडून पाहिली जात. बंडाविषयीची संशयास्पद पत्रेही त्यांच्या नावे येत. ती ते सरळ पोलिसांकडे पाठवून देत. रागाने राजीनामा देणे सोपे होते. भिऊन लोककार्य सोडणे त्याहूनही सोपे होते. रानड्यांनी दोन्ही वाटा नाकारल्या आणि आपले काम नित्याप्रमाणे चालू ठेवले. काही काळाने संशयाचे मळभ आपोआप विरले.

त्याच १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन पाहण्याचा अधिकार मिळाला. मूळ कर्ज किती, फेड किती झाली, व्याज मुद्दलात मिळवून रक्कम किती फुगविली, हे सारे त्याने तपासावे असे ठरले. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. हप्त्यांनी फेड करण्याची सोय झाली. शेतकऱ्याचे रोखे गावच्या नोंदणी कामगारापुढे लिहिले जाऊ लागले. जो कागद पूर्वी एकट्या सावकाराच्या बाजूने बोले, त्याला आता उलट प्रश्न विचारता येऊ लागले.

पण कायदा पुस्तकात असून भागत नाही. या कायद्याखालील पुष्कळशा दाव्यांत अपील नव्हते. म्हणून खालच्या न्यायालयांचे निकाल तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर मोठी जबाबदारी होती. १८८१ नंतर हे काम रानड्यांकडे आले आणि पुढे ते या कायद्याचे खास न्यायाधीश झाले. ते जिल्ह्याजिल्ह्यांतून दौरे करीत. मुक्कामाच्या गावी दप्तरे उलगडून हिशेब पडताळीत, चुकलेले निकाल दुरुस्त करीत. अनेकदा त्यांच्या पत्नी रमाबाई दौऱ्यात बरोबर असत. विवाहानंतर रानड्यांनी स्वतः त्यांना लिहावाचावयास शिकविले होते.

सावकार हा शत्रू आहे, असे रानड्यांनी कधी मानले नाही. शेतीला भांडवल लागणारच. ते माफक व्याजाने मिळाले पाहिजे, हे ते जाणून होते. म्हणून सर विल्यम वेडरबर्न यांनी मांडलेल्या शेतकी पेढीच्या योजनेला त्यांनी पाठिंबा दिला. इंग्लंडमधून तिला मंजुरी मिळाली नाही. तरीही देशात उद्योग वाढावेत, शेतीवरचा भार हलका व्हावा, हा विचार ते लेखांतून व व्याख्यानांतून मांडीत राहिले.

१८९३ साली ते मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०४ साली, सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि स्वस्त कर्जाची वाट थोडी मोकळी झाली. ती पाहण्यास रानडे नव्हते.

रानड्यांनी तलवार उचलली नाही की मोर्चा काढला नाही. परक्यांच्या राज्यात नोकरी करून, तेथील कायद्याच्या चौकटीत राहून, त्यांनी न बोलणाऱ्या रयतेची बाजू हिशेबाने आणि धीराने मांडली. कोल्हापुरातल्या घरी मुक्या खांबाचा डाव सचोटीने खेळणारा मुलगा मोठेपणीही तसाच राहिला.